दुसऱ्याचा अनुभव कशाने कळतो?

सगळ्यांचं सुखदुःख स्वतःवरून ओळखणारा योगी श्रेष्ठ, असं गीतेचा सहावा अध्याय सांगतो. आत्मौपम्याचा हा विचार करुणेचा पाया म्हणून मला पूर्ण मान्य आहे. पण दुसऱ्याला जाणून घ्यायचं साधन म्हणून तो पुरतो का, हा प्रश्न माझ्या कामामुळे माझी पाठ सोडत नाही. मी पुण्यात मोबाइल ॲप तपासते. न दिसणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, हात थरथरणाऱ्या माणसाला ते ॲप वापरता येईल का, एवढंच मी बघते. त्याआधी एम.ए.ला न्यायदर्शन शिकले होते, आणि या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडत गेलं.

एका कंपनीत पैसे पाठवण्याच्या ॲपची चाचणी होती. टीममधली मुलं मनापासून काम करणारी. तयारी म्हणून सगळ्यांनी डोळ्यांना पट्ट्या बांधून फोन वापरून पाहिला होता. त्यांना भीती वाटली, काहीच सुचेना. त्यावरून त्यांनी ठरवलं की ॲपनेच बोलायला हवं. मग प्रत्येक पडद्यावर गोड आवाजातल्या सूचना घातल्या.

चाचणीला बँकेतून निवृत्त झालेले एक टेलिफोन ऑपरेटर आले होते, जन्मापासून अंध. त्यांनी फोनचा पडदा पूर्ण काळा करून ठेवला होता, बसमध्ये शेजारच्याला पिन दिसू नये म्हणून. पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकचा वेग एवढा ठेवलेला, की शेजारी बसून मला एक शब्द कळेना. ॲप उघडलं आणि टॉकबॅक आणि तो गोड आवाज एकदम बोलायला लागले. काकांनी फोन कानाजवळ नेला, लांब धरला, मग टेबलावर ठेवला.

"मॅडम, माझा फोन बोलतो. तुमच्या ॲपने गप्प बसावं, फक्त बटणांना नावं द्यावीत. इथे ओळीने तीन बटणं लागली. तिन्हींवर नुसतं 'बटण' म्हणतोय. पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं?"

पुढे ओटीपी आला. सहा आकडे टॉकबॅकने एक अख्खी संख्या म्हणून वाचले, 'चार लाख सतरा हजार' असे. काका म्हणाले, "आकडे सुटे सुटे ऐकू येऊ द्या. हे मनात फोडून टाइप करेपर्यंत वेळ संपते."

डोळ्यांना पट्टी बांधून यातलं काय कळलं असतं? पट्टी बांधणाऱ्याला नुकतंच दिसेनासं झाल्याची भीती कळते. काकांना ती भीती नाहीच. त्यांच्याकडे आयुष्यभराची सवय आहे आणि स्वतःच्या पद्धती आहेत. मुलांनी आपल्यावरून जग ओळखलं, आणि जे ओळखलं ते त्यांचं स्वतःचंच होतं.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याचा अनुभव मला प्रत्यक्ष होत नाही. अनुमान किंवा उपमान करायचं तर हाताशी माझंच शरीर असतं. राहतो तो शब्द, म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. ज्ञान सांगण्याचा अधिकार कुळावर किंवा पदवीवर ठरत नाही, विषयाशी असलेल्या प्रत्यक्ष संबंधावर ठरतो. न पाहता फोन कसा वापरतात, या विषयात त्या खोलीतले आप्त काका होते.

वैशेषिक दर्शनाचे लोक शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, तो अनुमानातच जमा धरतात. आजच्या कंपन्याही नकळत तेच करतात. कोणी कुठे बोट लावलं याची आकडेवारी बघतात आणि सांगतात, आमच्याकडे अंध ग्राहक नाहीतच. कसे असतील? पहिल्याच पडद्यावर नाव नसलेलं बटण लागलं म्हणून जो परत गेला, त्याची नोंद आकडेवारीत ग्राहक म्हणून होत नाही. तो का गेला, हे त्याला विचारल्याशिवाय कळायचा मार्ग नाही.

अनुमान एकटं कुठवर नेतं, हे 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात दिसतं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेचं डिजिटल केवायसी पूर्ण करता येईना, कारण कॅमेऱ्यासमोर पापणी लववा, तरच तुम्ही जिवंत माणूस, असा तिथे नियम होता. जो पापणी लववतो तो जिवंत, हे ठीक. पण त्यावरून, जो ती लववत नाही तो जिवंत नाही, असं ठरत नाही. तर्कसंग्रह हा न्यायाचा प्राथमिक ग्रंथ शिकताना पहिल्याच वर्षी हे सांगतात: धूर असेल तिथे अग्नी असतो, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही म्हणू नका, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात धुराशिवाय अग्नी असतो. न्यायालयाने पापणीला पर्याय द्यायला सांगितलं आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

यंत्रं बदलत राहतात, तसं दुसऱ्याचा अनुभव जाणून घेणं आणखी अवघड होतं. बटणांच्या फोनवर पाचच्या कळीवर एक उंचवटा असे. तेवढ्यावर बोटं सगळा नंबर फिरवत. मग सपाट काच आली आणि बोटांची ती विद्या एका फटक्यात निकामी झाली. 2009 मध्ये आयफोन 3जीएसवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आल्यावर काचेवर बोट फिरवून ऐकायची, दोनदा टिचकी मारून निवडायची नवी पद्धत घडली. पुढे आयफोनचं होम बटण गेलं, बोटाच्या ठशाची जागा चेहऱ्याने घेतली. प्रत्येक वेळी झळ बसते ती जुन्या यंत्राशी कष्टाने जुळवून घेतलेल्याला. म्हणून कालच्या आप्ताचं कालचं सांगणं आज पुरत नाही, यंत्र बदललं की त्याच्याकडे परत जावं लागतं. डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांना मी मानते. ती अशाच अनेकांच्या सांगण्यातून घडली आहेत आणि 2023 मध्ये त्यांची 2.2 ही आवृत्ती आली. पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात 4.5 ला 1 एवढा फरक राखला, यादीत खूण केली, म्हणून काकांच्या कानात दोन आवाज भांडायचे थांबत नाहीत.

मग प्रत्येकाचं ऐकायचं तर ॲप किती प्रकारची करायची? एकाला काळा पडदा हवा, दुसऱ्याला मोठी अक्षरं, तिसऱ्याला ब्रेल. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांच्या कामात दिसतं. किशोरवयात दृष्टी गेलेल्या या संगणकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी.साठी एस्टर ही प्रणाली केली. ती गणिताचे दस्तऐवज बोलून दाखवते, आणि तेही पानाच्या चित्रावरून नव्हे, तर मजकुराच्या रचनेवरून: हा अपूर्णांक, हा त्याचा अंश, हा छेद. आशय रूपापासून सुटा ठेवला की रूप कानाला, बोटाला, डोळ्याला हवं तसं देता येतं, उद्या येणाऱ्या यंत्रालाही देता येतं. काका बटणाचं नाव मागत होते ते यासाठीच. पुढे गूगलमध्ये, न पाहता अँड्रॉइड फोन वापरता यावा, यासाठीच्या सुरुवातीच्या कामातही रामन होते. स्वतः अनुभवणारा आणि बनवणारा एकच असला की काय होतं, ते तिथे दिसतं.

करुणा मला हवीच आहे. तिच्याशिवाय कोणी विचारायलाही जाणार नाही. पण विचारायला गेल्यावर तिने गप्प बसून ऐकावं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: पट्ट्या बाजूला ठेवा आणि पहिला आराखडा कागदावर असतानाच अशा माणसांना बोलवा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. आणि हे वापरता येत नाही असं त्यांनी सांगितलं, तर त्यांच्या शब्दावर ॲप बाजारात जाणं थांबू द्या.