डोंगर काय राखून ठेवतो?



माणूस तीर्थाला मागायला जातो की शिकायला? हा प्रश्न मला माहूरगडावर पडला आणि त्याचं उत्तर पालीला घरी येऊन द्यावं लागलं.

दत्तभक्तहो, आमचं पाली बीडपासून जवळच, बालाघाटाच्या डोंगराला लागून. बिंदुसरेचा तलाव गावाजवळ आहे, पण माझं रान चढावर. सगळी भिस्त विहिरीवर. त्या साली पाऊस कमी झाला. शेजारीच धाकट्या भावाचं रान. त्याची विहीर दिवाळीतच तळाला गेली. एके दिवशी तो आला, म्हणाला, "दादा, मोसंबी गेली तर जाऊ दे, जनावरांपुरतं पाणी दे."

मी म्हणालो, "उन्हाळा पुढं हाये. माझ्याच बागेला पुरंल का नाही, सांगता येत नाही."

तो काही न बोलता उठून गेला. आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीसाठी, मी घरच्यांना घेऊन माहूरला निघालो. मागणं एकच होतं, बाग वाचू दे.

श्रीक्षेत्र माहूर नांदेड जिल्ह्यात. बीडहून परभणी, नांदेड करत आम्ही तिथं पोचलो. रेणुकामातेचं, दत्तात्रेयांचं आणि अनसूयामातेचं अशी तीन शिखरं. जवळच जुना किल्ला, खडकात कोरलेली पांडवलेणी, मातृतीर्थ, खाली पैनगंगेचं खोरं आणि नजर जाईल तिकडं सागाचं रान. आमच्या उघड्या डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना ते हिरवेपण पुरत नव्हतं. रेणुकामातेचं दर्शन झालं, तांबुलाचा प्रसाद घेतला आणि दत्तशिखरावर आलो.

नातू रांग सोडून कठड्यापाशी उभा राहिला. मी रागावलो, "देवाच्या दारात येऊन झाडं काय बघतोस?"

आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "बघू द्या की. दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले, ते ह्यातलेच ना?"

मी गप्प झालो. भागवताच्या अकराव्या स्कंधातली अवधूताची कथा मी अनेकदा ऐकली आहे. पहिला गुरू पृथ्वी. तिच्यापासून सहनशीलता घ्यावी, आणि तिच्याच अंगावरच्या डोंगरापासून, झाडापासून दुसऱ्यासाठी जगणं शिकावं, असं अवधूत यदुराजाला सांगतो. कथेत ऐकताना मान डोलावली होती. समोर डोंगर बघताना मान खाली गेली. डोंगरावर एवढा पाऊस पडतो, तो स्वतःसाठी काय राखून ठेवतो? आणि ज्या विहिरीला मी 'माझी' म्हणत होतो, तिचा पाझर तरी कुठून येतो? आमच्याच डोंगरातून. भावाच्या विहिरीचाही तिथूनच.

मनानं लगेच वकिली सुरू केली. डोंगराला संसार नाही. त्याला कर्ज फेडायचं नाही, नातवाची फी भरायची नाही. गृहस्थानं आधी आपलं घर बघायचं नाही तर कुणी बघायचं? हा युक्तिवाद खोटा नाही. चोवीस गुरूंमध्ये मध गोळा करणाराही आहे. माश्यांनी साठवलेलं तो घेऊन जातो. म्हणून काय, माश्यांनी पोळं बांधूच नये? बांधावं. पण गरजेपुरतं राखणं कुठं संपतं आणि भीतीपोटी दाबून ठेवणं कुठं सुरू होतं, हे ज्याचं त्यानं बघायचं. भावानं बाग भिजवायला पाणी मागितलं नव्हतं. जनावरांच्या तोंडचं मागितलं होतं.

दत्तप्रभू रोज काशीला स्नान करतात, कोल्हापुरी भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा घेतात, अशी आपली श्रद्धा. ज्याला काहीच कमी नाही तो भिक्षा का मागतो? देणाऱ्याला द्यायची संधी मिळावी म्हणून, असं मला वाटतं. अनसूयामातेच्या दारीही देव याचक होऊनच आले. माझ्या दारी कोण आलं होतं, ह्या विचारानं पाय जड झाले. बागेचं मागणं ओठावर आलंच नाही.

आपल्याच जिल्ह्यातले दासोपंत. त्यांनी माहूरला बारा वर्षं तप केलं, असं परंपरा सांगते. पण ते कायमचे तिथं राहिले नाहीत. डोंगर उतरले, गोदाकाठी राक्षसभुवनाला आले आणि पुढं आंबाजोगाईत राहिले. चाळीस फूट लांब कापडावरची त्यांची पासोडी आंबाजोगाईचीच. शिखरावर जे मिळतं ते खाली उतरून माणसांत आणायचं असतं, एवढं मी त्यातून घेतलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भावाच्या गोठ्यापर्यंत पाईप टाकला, मोटार सुरू केली. तो हौदापाशी उभा होता. म्हणाला, "दादा, बैलजोडी गेल्या बाजारी विकली. गाय तेवढी राहिलीय."

मला उत्तर सुचलं नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या बागेतली बरीच झाडं वाळली. गाय जगली. भाऊ बोलतो, पण पहिल्यासारखं नाही, आणि तो दोष माझा आहे.

आता सकाळी अंगणातून आमचाच डोंगर बघतो. त्याच्यावर पडलेलं पाणी बिंदुसरेला जातं, तिथून बीडकडं. माहूरला जाऊ नये, असं माझं म्हणणं नाही; अवश्य जावं. फक्त निघायच्या आधी दारात कुणी उभं आहे का, तेवढं बघून निघावं.