मुळे धर्मात की काळात?

शहापूरहून भिवंडीकडे निघाले की वाटेत पडघा लागते. मुरबाडची एसटी कल्याणला जाते. आमच्या भागातील माणसांचा बाजारहाट, दवाखाने, कॉलेज, सोयरिकी याच दोन वाटांवर आहेत. गेल्या काही वर्षांत याच वाटांवरची गावे दहशतवादाच्या बातम्यांत देशभर गाजली. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण जियारतच्या नावाने इराकला गेले आणि पुढे 'इस्लामिक स्टेट'ला जाऊन मिळाले. ९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने छापे घालून पंधरा जणांना अटक केली. त्यांतील बहुतेक पडघा-बोरिवली परिसरातले. पडघ्याला 'मुक्त प्रदेश' ठरवून 'अल-शाम' हे नाव दिले होते, असा त्यांच्यावर आरोप आहे. तो खरा की खोटा, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. पण भातशेतीच्या मुलखातील एका गावाला सीरियाचे जुने नाव देण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात कशी येऊ शकते, हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो आपला आहे.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. वर्गातली मोठी मुले विचारतात, "सर, हे आपल्या दीनमध्ये सांगितलंय का?" या प्रश्नाची दोन तयार उत्तरे बाजारात मिळतात. एक म्हणते, होय, हा धर्मच असा आहे. दुसरे आपल्या मोहल्ल्यातले. ते म्हणते, हे सगळे अमेरिकेचे, इस्रायलचे, पोलिसांचे कारस्थान आहे. आपला काही संबंध नाही. दोन्ही उत्तरांत विचार करण्याचे कष्ट वाचतात. पहिल्याने आपण सगळे गुन्हेगार ठरतो, दुसऱ्याने आपण सगळे निष्पाप. मुलांना यातले कोणतेच देता येत नाही. त्यांना इतिहास द्यावा लागतो.

अतिरेक इस्लामच्या इतिहासात कधी नव्हताच, असे म्हणणे खोटे ठरेल. सातव्या शतकातील खारिजींनी आपल्याशी सहमत नसलेल्या मुसलमानांनाच काफिर ठरवले आणि त्यांच्यापैकीच एकाने ६६१ मध्ये हजरत अलींची हत्या केली. पण उम्मतने त्यांना कधी इमाम मानले नाही. 'खारिजी' हा शब्द निंदेचाच राहिला. युद्धातही स्त्रिया, मुले, वृद्ध आणि मठातले संन्यासी यांना हात लावू नये, फळझाडे तोडू नयेत, अशी ताकीद हजरत अबू बकर यांनी फौजेला दिल्याचे परंपरा सांगते. मग लोकल गाडीत बाँब ठेवणारा माणूस कोणत्या परंपरेतला? तो बराचसा गेल्या शंभर वर्षांतला आहे.

या शंभर वर्षांचा हिशेब असा. ३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. मुस्लिम जगाचा बहुतेक भाग तेव्हा युरोपच्या ताब्यात होता. १९२८ मध्ये इजिप्तच्या इस्माइलिया गावात हसन अल-बन्ना यांनी 'मुस्लिम ब्रदरहुड' स्थापन केली. ते मौलवी नव्हते. आमच्यासारखेच शाळामास्तर होते. दुसरे नाव तर आपल्या मातीतले आहे. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. ते पत्रकार होते. राज्य, पक्ष, विचारप्रणाली, क्रांती या विसाव्या शतकाच्या कल्पना त्यांनी दीनला जोडल्या. सार्वभौमत्व फक्त अल्लाहचे, म्हणून राज्यही त्याच्या कायद्याचेच हवे, असे मांडले आणि १९४१ मध्ये लाहोरला 'जमाते इस्लामी' स्थापन केली. त्याच काळात देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी १९३८ मध्ये पुस्तक लिहून सांगत होते की, हिंदू आणि मुसलमान मिळून एक राष्ट्र होऊ शकते आणि दीनची त्याला आडकाठी नाही. मौदुदींनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. हे चित्र नीट पाहावे. जुन्या मदरशातला आलिम शेजाऱ्याबरोबर राहण्याची वाट दाखवतो आहे आणि आधुनिक छापखान्यातला लेखक धर्माचे राज्य मागतो आहे. आपल्याला नेहमी याच्या उलटे सांगितले जाते.

मौदुदींनी बाँब ठेवायला सांगितले नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण विचार एकदा छापला की तो कोणाच्या हाती पडेल, हे लेखकाच्या हातात राहत नाही. इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब यांनी तो वाचला. तेही शिक्षण खात्यातले गृहस्थ, साहित्य समीक्षक, १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत राहून आलेले. नासेरच्या तुरुंगात छळ सोसताना त्यांनी आजचा मुस्लिम समाजच 'जाहिलियत'मध्ये बुडाला आहे, असे ठरवले. १९६६ मध्ये त्यांना फाशी झाली आणि त्यांची पुस्तके शहिदाची पुस्तके झाली.

मग १९७९ साल आले. इराणात क्रांती झाली, मक्केत हरम शरीफवर सशस्त्र टोळीने कब्जा केला आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांच्याविरुद्धच्या युद्धाला अमेरिकेने आणि सौदी अरबने पैसा पुरवला, पाकिस्तानने जमीन दिली. अमेरिकी सरकारच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा येथील केंद्राने अफगाण मुलांसाठी शालेय पुस्तके तयार केली. त्यांत गणित शिकवताना बंदुका, गोळ्या आणि मेलेले रशियन सैनिक मोजायला दिले होते. आम्ही पहिलीच्या मुलांना आंबे आणि गोट्या मोजायला देतो. ज्या मुलाने बेरीज मुडद्यांवर शिकली, तो मोठेपणी काय मोजणार? ती पुस्तके पुढे तालिबानच्या काळातही वर्गात होती. एवढ्या इतिहासानंतर 'हे सारे सातव्या शतकातून आले' असे म्हणणाऱ्याने ती पुस्तके एकदा चाळावीत.

आपल्याकडचा धागाही याच काळातला. १९७७ मध्ये अलीगढला 'सिमी' ही विद्यार्थी संघटना निघाली. तिची भाषा जहाल होत गेली, तेव्हा जमाते इस्लामी हिंदनेच फारकत घेऊन १९८२ मध्ये वेगळी विद्यार्थी संघटना काढली. २००१ मध्ये सिमीवर बंदी आली. या जहाल भाषेला कान कोठून मिळाले? भिवंडी १९७० मध्ये जळली, १९८४ मध्ये पुन्हा जळली. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतरच्या मुंबईच्या दंगलींत कोणी काय केले, हे श्रीकृष्ण आयोगाने लिहून ठेवले. शिक्षा मात्र फार थोड्यांना झाली. २००२ मध्ये गुजरात झाले. २००६ मध्ये मालेगावच्या बडा कब्रस्तानात शबे-बरातच्या दिवशी स्फोट झाले. मेले मुसलमान आणि पकडले गेले तेही नऊ मुसलमान तरुण. त्यांना दोषमुक्त व्हायला २०१६ उजाडले. ही दहा वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. कोठे अन्यायच झाला नाही, असे सांगणारा शिक्षक मुलांचा विश्वास गमावतो.

येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. कारण सांगणे म्हणजे परवानगी देणे आहे काय? वणवा कशाने लागला हे सांगितले म्हणून काडी लावणारा निर्दोष ठरत नाही. १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे मेली. २०१६ मध्ये त्या खटल्यात शिक्षा झाल्या. त्या डब्यातून घरी निघालेल्या कोणीही बाबरी पाडली नव्हती, भिवंडी जाळली नव्हती. अन्यायाचा राग जायज आहे, पण रागाने निवडलेला माणूस निरपराध असेल तर तो रागही जुलूमच होतो. आमच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. तेथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, बाजारात माणसे मारली नाहीत. मनोरा आणि माणूस यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या लढ्याला लोक जागा देतात.

दुसरे असे की, एकाच इतिहासातून सगळे एकाच जागी पोहोचत नाहीत. भिवंडीचेच पाहा. १९८४ च्या दंगलीनंतर तेथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू आणि मुसलमान महिन्या-महिन्याला समोरासमोर बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. जखमा त्याच होत्या, राग तोच होता. फरक एवढाच होता की बोलायला जागा होती. ज्याला बोलायला जागा मिळत नाही, त्याच्याशी बोलायला कोणीतरी दुरून येतो; आता तर तो मोबाईलमधून येतो. कल्याणहून गेलेल्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, मदरशातले तालिबे-इल्म नव्हते. नुसती डिग्री माणसाला वाचवत नाही. प्रश्न विचारायची सवय वाचवते.

ती सवय आपल्या भाषेतच आहे. 'जिहाद', 'जद्दोजहद' आणि 'इज्तिहाद' या तिन्ही शब्दांत जहद, म्हणजे कष्ट, आहेत. उर्दूच्या तासाला आम्ही हे फळ्यावर लिहितो. पहिला शब्द टीव्हीने पळवला, दुसरा स्वातंत्र्यलढ्यात आपल्या आजोबांनी वापरला आणि तिसरा, म्हणजे स्वतःची अक्कल वापरून नव्या काळात दीनचा अर्थ शोधणे, आपण कपाटात ठेवून दिला. इज्तिहाद बंद झाला की उरलेल्या शब्दाचा अर्थ कोणीही सांगू लागतो.

बांधवांनो, २५ फेब्रुवारी २००८ ला देवबंदच्या उलेमांनी दहशतवादाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. ती मोलाची आहे, पण देवबंद दूर आहे. शहापूरच्या, मुरबाडच्या, पडघ्याच्या मुलाला जवळचे माणूस लागते. त्याच्यावर अन्याय झाला तर त्याच्यासाठी वकील शोधणारे आणि त्याने वाट सोडली तर त्याचा हात धरणारे माणूस एकच असले पाहिजे. फक्त पहिले काम करणाऱ्याचे दुसरे सांगणे मूल ऐकते. जे काळाने घडवले, ते आकाशातून उतरलेले नसते. म्हणून ते बदलता येते. आपल्या मुलांना हे कळले तर त्यांना आपल्या दीनची लाज वाटणार नाही आणि त्या दीनच्या नावाने कोणी दिलेली बंदूकही ती उचलणार नाहीत.