शेजाऱ्याच्या सुराचा आधार

चर्चच्या गायकवृंदात दोन प्रकारचे गायक आढळतात. एक समोरच्या स्वरलिपीतील पुढचा स्वर आधी मनात ऐकतो आणि मग गातो. दुसरा शेजाऱ्याच्या तोंडून तो स्वर निघण्याची वाट पाहतो व क्षणार्धाने त्याच्यामागून जातो. बाकांवरच्या भाविकांना हा फरक सहसा कळत नाही. त्या गायकाला मात्र तो ठाऊक असतो. म्हणूनच हा प्रश्न मला केवळ संगीतशिक्षणाचा वाटत नाही. जे आपण स्वतः जाणलेले नाही ते दुसऱ्याच्या आधाराने उच्चारण्यात प्रामाणिकपणा कितपत असतो?

अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदो या मठवासीयाला याच गोष्टीची चीड आली होती. आपल्या काळी गायकांइतके मूर्ख कोणी नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. कारण वर्षानुवर्षे गाऊनही गुरूवाचून त्यांना एक साधे गीत म्हणता येत नसे. त्याने संत योहान बाप्तिस्माच्या सणाचे एक लॅटिन स्तोत्र हाती घेतले. त्यातील सहा चरणखंडांचे आरंभ एकेक स्वर चढत जातात. त्या आरंभाक्षरांतून उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे आली. पोप एकोणिसावे जॉन (कारकीर्द १०२४ ते १०३२) यांनी त्याला रोमला बोलावून घेतले, आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता येईपर्यंत ते आसनावरून उठले नाहीत, असे ग्विदोच्या पत्रात आहे. ती ओळ त्यांना आधी कोणी गाऊन दाखवलेली नव्हती, हे विशेष.

हीच विद्या पुढे गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत 'सोल्फेज' म्हणून शिकवली गेली. विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंद उभे राहिले, तेव्हा कागद समोर ठेवताच वाजवणारे गोमंतकीय वादक त्यांचा कणा ठरले. सेबॅस्टियन डिसोझा, ॲन्थनी गोन्साल्विस यांची नावे जाणकारांना परिचित आहेत.

कान तयार करण्याची रीत दिसायला अगदी साधी आहे. षड्ज लावावा, गप्प राहावे, पंचम मनात ऐकावा, मग गावा आणि शेवटी वाद्यावर पडताळून पाहावा. हा क्रम उलटला, आधी वाद्य वाजवून मग गायिले, की सारा अभ्यास व्यर्थ जातो. पण तो उलटला हे दुसऱ्या कोणालाही कळत नाही. विद्यार्थ्याची खरी परीक्षा त्या गप्प क्षणातच होते. वाद्य तरी अंतिम न्यायाधीश कुठे आहे? पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या नादातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली, त्यामागे असेही आक्षेप होते.

येथवर मी स्वतंत्र कानाची बाजू घेतली. पण एक अवघड प्रसंग उरतो. वाद्याच्या साथीविना गाणारा वृंद हळूहळू खाली उतरतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळेच पाव स्वर खाली आलेले असतात; परस्परांशी मात्र ते पूर्ण सुरात असतात. मूळ षड्ज अजून मनात धरून असलेल्या एकट्या गायकाने अशा वेळी काय करावे? तो आपल्या जागी ठाम राहिला तर तो खरा असूनही श्रोत्यांना तोच बेसूर वाटेल, आणि त्यांचे चुकते असेही म्हणता येणार नाही. स्वराला एकट्याने अर्थ नसतो. आपला 'सा' गळ्यागणिक बदलतो. जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ केलेल्या पद्धतीतील 'डो'ही तसाच सरकता आहे.

माझ्या मते त्याने इतरांबरोबर खाली उतरावे. यात त्याची लबाडी नाही. शेजाऱ्यामागून जाणारा आणि हा, दोघे एकच स्वर गात असतील. पण आपण कुठून निघालो व किती उतरलो हे यालाच माहीत असते. उपासना चालू असताना मोठ्याने मूळ सूर लावून इतरांना शरमिंदे करणे हा मला अहंकारच वाटतो. सांगायचे ते पुढच्या तालमीत सांगावे, आणि 'तुम्ही उतरलात' एवढ्यावर न थांबता सूर नेमका कुठे सुटतो ती जागा स्वरलिपीवर दाखवावी. बहुधा तिथे चढता निषाद असतो, किंवा एकच स्वर पुन्हा पुन्हा आलेला असतो.