एकाच नावाचे दोन भाव

दिवाळीच्या आगेमागे वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनचे दोन भाव निघतात. एक साध्या मालाचा, जो पुढे तेलाच्या कारखान्यात जाणार, दुसरा बिजवाईचा, म्हणजे पेरायच्या बियाण्याचा. दोन्ही ढिगांच्या वाणाचे नाव एकच असू शकते, जे.एस. 335 म्हणा किंवा फुले संगम. शिवार तेच, पाऊस तोच, कधी कधी शेतकरीही तोच, आणि तरी क्विंटलमागे हजार रुपयांहून अधिक फरक पडलेले हंगाम या जिल्ह्याने पाहिले आहेत.

नाव एक आणि किंमत दोन, हा व्यवहार आपण साबणापासून सिमेंटपर्यंत सगळीकडे पाहतो आणि ‘महाग ते चांगले’ म्हणून पुढे जातो. पण वरचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न शेतमालाच्या बाबतीत टाळता येत नाही. इथे वस्तू कारखान्यात वेगळी घडवलेली नसते. ती एकाच झाडावर आलेली असते.

या प्रश्नावर सर्वांत बारीक काम बहुधा क्यूबात झाले आहे. तंबाखू माणसाचा जीव घेते आणि तिची भलामण मला करायची नाही. पण त्या देशाने पानाची प्रतवारी जितकी ताणली तितकी फार थोड्या पिकांच्या वाट्याला आली असेल. तिथे एकाच झाडाच्या पानांना जागेप्रमाणे नावे आहेत : खालची व्होलादो, मधली सेको, शेंड्याकडची लिगेरो. काही मोजक्याच झाडांना अगदी टोकाला आणखी दोन पाने येतात, ती मेदियो तिएंपो. कोहिबा हे तिथल्या सिगारीचे नाव 1966 चे. 2010 मध्ये त्याच नावाखाली बेहिके ही महागडी मालिका आली, तिच्यात ही टोकाची पाने घातली जातात. याच नावाने यंत्रावर वळलेल्या बारक्या सिगारीही मिळतात. त्यांच्या पोटात अखंड पानाऐवजी पानाचे तुकडे असतात. हाताने वळायच्या कोहिबासाठी सेको आणि लिगेरो पाने तिसऱ्यांदा आंबवतात. म्हणजे वरच्या किमतीत तीन गोष्टी आल्या : कोणते पान घेतले, त्याला किती दिवस दिले, आणि कुणाच्या हाताने ते वळले. याखेरीज एक चौथी गोष्ट आहे, आणि तिचा चवीशी संबंध नाही. वळून झालेल्या सिगारी रंगाच्या छटेप्रमाणे निवडून पेटीत गडदकडून फिकटाकडे ओळीने मांडतात. पेटी उघडणाऱ्याच्या डोळ्यासाठी केलेली ही मेहनतही किमतीत धरलेली असते.

वाशीमच्या दोन ढिगांकडे याच नजरेने पाहावे असे मला वाटते, कारण बिजवाईतही निवड, वेळ आणि हात हेच तिघे राबलेले असतात. जे.एस. 335 ची फुले जांभळी. त्यात पांढरे फूल दिसले की ते झाड भेसळीचे समजून उपटायचे. हे काम फुलोऱ्यातच होते, नंतर करता येत नाही. सोंगणीच्या वेळी पाऊस आला तर भिजलेली सुडी बाजूला ठेवायची, ती बियाण्यात जाऊ द्यायची नाही. खरी परीक्षा मळणीची. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ, आणि अंकुर टरफलाच्या अगदी खाली. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, नेहमीच्या वेगाने फिरवला तर दाणा डोळ्याला शाबूत दिसतो, आतला अंकुर मात्र मार खातो. म्हणून बियाण्यासाठी ड्रमचे फेरे मिनिटाला तीनशे-चारशेच्या आसपास ठेवायला सांगतात. त्या वेगाने काम रेंगाळते, मजुरी वाढते आणि वर ढग असले की जिवाची घालमेल होते. पुढे सुकवणे, चाळणे, पोत्यांची थप्पी उंच न लावणे, पोते उंचावरून न आदळणे. अंड्याची टोपली जपावी तसे ते पोते जपावे लागते.

यातले काहीही गिरणीच्या उपयोगाचे नाही. तेल काढणाऱ्याला दाण्यातले अठरा-वीस टक्के तेल आणि मागे राहणारी प्रथिनयुक्त पेंड हवी असते. अंकुर जिवंत आहे की मेला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याचे माप ओलावा, डागी दाणा आणि माती-काडीकचरा एवढे असते. सरकारी खरेदीही त्याच अंगाने चालते. 2025-26 साठी हमीभाव 5,328 रुपये ठरला, आणि तिथे ओलाव्याची अट बारा टक्क्यांची. 2024 च्या हंगामात केंद्राने ती पंधरापर्यंत सैल केली, तेव्हा केवढा दिलासा मिळाला! या सगळ्या मापांत दाणा आज काय आहे ते मोजले जाते. बिजवाईचा भाव मात्र येत्या जूनचा असतो. सात-आठ महिन्यांनी ओल्या मातीत पडल्यावर हा दाणा उठेल, या भरवशासाठी घेणारा जास्त पैसे मोजतो.

हा भरवसा तपासणारी यंत्रणा शेजारी अकोल्यात आहे. महाबीज या राज्य बियाणे महामंडळाचे मुख्यालय तिथे, बीज प्रमाणीकरण यंत्रणेचेही तिथेच, आणि 1 जुलै 1998 पर्यंत तर वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. पायाभूत बियाण्याला पांढरी खूणचिठ्ठी, प्रमाणिताला निळी. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान सत्तर टक्के हवी. याचा अर्थ नीट घ्यायला हवा : निळी चिठ्ठी लागलेल्या पिशवीतही शंभरातले तीस दाणे न उगवणारे चालतात, इतके हे बी नाजूक आहे. 2019 च्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस कोसळला आणि पुढच्या जूनमध्ये राज्यभर सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी आल्या. औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पिशव्यांवर नावे होती, किमतीही बियाण्याच्याच होत्या. ज्याने त्या विकत घेतल्या त्याच्या वाट्याला दुबार पेरणी आली.

म्हणून नाव आणि निगा यांची फारकत कुठे होते ते पाहायला हवे. सोयाबीन स्वपरागीत आहे. शुद्ध वाण एकदा आणले की तीनेक हंगाम घरचेच बी निवडून पेरता येते, कृषी विभागही तसे सांगतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 हा शेतकऱ्याला बी राखायची, पेरायची, देवाणघेवाण करायची, विकायचीही मुभा देतो. अट एकच : संरक्षित वाणाचे बी त्याने खूणचिठ्ठी लावलेल्या, नाव छापलेल्या पिशवीत भरून विकायचे नाही. फुलोऱ्यात झाडे उपटणारा, हडंब्याचा वेग कमी करणारा आपला माल त्यामुळे उघड्या ढिगावर विकतो. त्यातला काही माल शेतकरी घेतात, काही बियाण्याच्या व्यापारात जातो. तिथे तो चाळला, तपासला, भरला जातो आणि त्यावर नाव चढते. चाळणी, तपासणी आणि जबाबदारी यांचे पैसे पडायलाच हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण दाण्यातला जीव शेतातच राखलेला असतो, आणि गोदामातली कुठलीही चाळणी मेलेला अंकुर उठवू शकत नाही.

हर्राशीत व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो. टपोरेपणा, पिवळी झळाळी, डाग नसणे एवढे त्याला दिसते, आणि तो अनुभवी असेल तर हात ओला-सुकाही सांगतो. उगवणशक्ती हाताला कळत नाही. जोरात मळलेला चकचकीत माल आणि जपून मळलेला चकचकीत माल तळहातावर सारखेच. मग दोघांना बिजवाईचा भाव मिळाला तर जपणाऱ्याची मेहनत फुकट गेली, आणि पुढच्या वर्षी त्याने हडंबा जोरात का चालवू नये? सिगारच्या पेटीतली रंगांची ओळ फसवी निघाली तर ओढणाऱ्याच्या चवीवर भागते. इथे चूक एकरी पंचवीस-तीस किलो बी आणि मृगातला एक पाऊस गिळते.

उगवण तपासायला प्रयोगशाळाच हवी असेही नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचे आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. गावोगावी हे करता येते आणि करतातही. फक्त ती संख्या ढिगासोबत बाजारात येत नाही. ज्याला बिजवाई म्हणून विकायचे आहे त्याने आठवडाभर आधी नमुना बाजार समितीत द्यावा, समितीने कोंब मोजून आकडा चिठ्ठीवर लिहावा आणि हर्राशी त्या आकड्यावर बोलली जावी, एवढी सोय वाशीमला करता येण्याजोगी आहे. पंच्याऐंशी उगवणाऱ्या ढिगाला आणि बासष्ट उगवणाऱ्या ढिगाला तेव्हा वेगळे भाव पुकारले जातील, आणि बासष्टवाला माल साध्या भावाने गिरणीला जाईल.