एक्क्याची किंमत

पानाची किंमत पानात असते की डावात, हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु मनुष्याविषयी तोच विचारला म्हणजे तो नीतीचा प्रश्न होतो. कोरगाव ज्या पेडणे महालात आहे तो १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता; तेव्हा सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आम्हांस परकी नव्हे. त्या खेळाच्या आधारेच ह्या प्रश्नाचा विचार करू.

मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी ही १२० गोल पाने. प्रत्येक रंगात राजा व प्रधान, आणि त्यांच्याखाली एक्का ते दश्शी. अर्ध्या रंगांत प्रधानाच्या खालोखाल दश्शी श्रेष्ठ आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या रंगांत क्रम उलटा : एक्का प्रधानाच्या शेजारी बसतो व दश्शी तळाला जाते. एक्का एक्काच राहतो. बदलते ते त्याचे घर.

हाच समतेचा धडा, असे कोणी म्हणेल. आम्हांस तो अपुरा वाटतो. उलटतो तो आकड्यांचा क्रम. राजा आणि प्रधान दहाही रंगांत अढळ असतात. अशी व्यवस्था ओळखण्यास गोमंतकीयांना पत्त्यांची गरज नाही. भोसले गेले, पोर्तुगीज आले, १९६१ साली तेही गेले. परंतु शेतात राबणाऱ्या कुळाचे पारडे जड होण्यास १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातील १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. राजा बदलून जे झाले नाही, ते नियम बदलल्याने होऊ लागले.

खेळ आणखी एक गोष्ट सुचवितो. गंजिफेत हुकमाचा रंग नसतो. एका रंगाचे पान दुसऱ्या रंगाच्या पानास मारीत नाही. राजा एकदा खेळला की संपला, आणि वरची सारी पाने पडून गेली की तळाचे पानही हात जिंकते. मात्र काय पडले व काय उरले, हे ज्याने स्मरणात ठेवले त्यालाच ती वेळ कळते.

पानाला आपली वेळ ओळखता येत नाही आणि मांडलेला क्रम नाकारताही येत नाही. मनुष्याला दोन्ही साधते. म्हणून ‘आमचे घरच असे’ हे उत्तर पानाला शोभेल, मनुष्याला नव्हे. आणि ज्याला घराने उंच बसविले आहे, त्याने एवढे विसरू नये की दुसऱ्या रंगात त्याच्याच बरोबरीचा एक्का तळाशी पडला आहे.