झाडाची साक्ष

‘माणसाला भास होईल, झाडाला होत नाही.’ मोबाइल टॉवर आणि वायफाय यांच्या विरोधातला हा युक्तिवाद नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेरच्या मराठी मंडळींत गेली काही वर्षं फिरतो आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात तो एका भाषणातून ऐकायला मिळाला. वक्ते अभियंते होते, वाचन दांडगं, बोलण्यात जरब. त्यांनी पडद्यावर अॅश झाडाच्या करपलेल्या पानांचं छायाचित्र दाखवलं. तिथून ते जूही चावला यांनी २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेकडे वळले, मग चेर्नोबिलजवळच्या लाल पडून मेलेल्या पाइनच्या जंगलाकडे. शेवटी म्हणाले, वायफायमुळे ज्यांचं डोकं धरतं, झोप उडते, हातापायांतलं त्राण जातं, त्यांना मनोरुग्ण ठरवणाऱ्या डॉक्टरांनी आधी या झाडांना उत्तर द्यावं. टाळ्या पडल्या. प्रश्नांना वेळ उरला नाही, म्हणून उत्तर इथे लिहितो.

ते छायाचित्र आमच्या शेजारच्या आल्फेन आन डेन राइन या गावाशी संबंधित आहे. तिथल्या रस्त्याकडेच्या झाडांच्या साली फुटत होत्या, खोडांवर गाठी येत होत्या, आणि कारण सापडत नव्हतं. नगरपालिकेने वागेनिंगेन विद्यापीठाकडे विचारणा केली. तिथे वीसेक लहान अॅश झाडं वायफायच्या सहा स्रोतांजवळ, अर्ध्या मीटरपासून तीन मीटरपर्यंतच्या अंतरावर, तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवली गेली. जवळच्या काही झाडांच्या पानांवर शिशासारखी झाक आली आणि पुढे ती पानं वाळली. २०१० च्या नोव्हेंबरात ही बातमी जगभर पसरली. ती पसरत असतानाच संशोधक सांगत होते की हे निष्कर्ष प्राथमिक आहेत, प्रयोग पुन्हा व्हायला हवा. नेदरलँड्सच्या अँटेना विभागानेही सांगितलं की पुनःप्रयोगात हा परिणाम दिसलेला नाही आणि हाती असलेल्या माहितीवरून वायफायने झाडांना इजा होते असं म्हणता येत नाही. छायाचित्र तेवढं प्रवासाला निघालं, हे दोन खुलासे मागे राहिले. वक्त्यांनी हे खुलासे वाचलेले असणारच. वाचूनही सांगितले नाहीत, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार चेर्नोबिलची. गॅमा किरणांनी झाडं मरतात यात वादच नाही. किरणोत्सर्गाचा वनस्पतींवर परिणाम होतो हे मराठी शेतकऱ्याला सांगायला अणुभट्टी फुटावी लागत नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळी भुईमूग लावणाऱ्याला ‘टॅग-२४’ ठाऊक असतो. त्या नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा, ‘ए’ अकोल्याचा आणि ‘जी’ भुईमुगाच्या इंग्रजी नावाचा. भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणं सोडून मिळालेल्या वाणांच्या संकरातून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० ची किरणं देतात आणि अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे. किरणांनी वाण घडवण्याच्या विद्येची कल्पनाही नेदरलँड्सचीच. राँटगेन आणि क्यूरी यांची किरणं वापरून वनस्पतींत मुद्दाम उत्परिवर्तन घडवावं, असं ह्यूगो द व्रीस या डच शास्त्रज्ञाने १९०४ मध्येच सुचवलं होतं.

पण गॅमा किरणाचा एक कण रेणूतले बंध तोडतो, गुणसूत्राचे तुकडे करतो. वायफायच्या एका कणात एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा साधारण एक लाखावा भाग असतो. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तो दहा लाखांपट कमी पडतो. पानातल्या पाण्याचे रेणू नुसत्या खोलीच्या उबेमुळे याहून हजारोपट जास्त ऊर्जेने एकमेकांवर आदळत असतात. यावरून लहान लहरींचा काहीच परिणाम होणार नाही असं सिद्ध होत नाही. पण चेर्नोबिलचं जंगल वायफायच्या खटल्यात साक्षीला आणता येत नाही, हे नक्की होतं. अभियंत्याने ही दोन छायाचित्रं लागोपाठ दाखवावीत याचं मला वाईट वाटलं.

आता माणसांकडे. नेदरलँड्समध्ये या प्रश्नाची हेळसांड झाली, असं कुणी म्हणू नये. झूटरमेरहून ट्रामने जाता येईल अशा हेगमध्ये टीएनओ या संशोधन संस्थेने २००३ मध्ये ७२ जणांवर प्रयोग केला. निम्मे टॉवरमुळे त्रास होतो म्हणणारे, निम्मे तक्रार नसलेले. थ्री-जीसारख्या लहरींच्या संपर्कात असताना दोन्ही गटांनी आपल्याला किंचित कमी बरं वाटल्याचं नोंदवलं. सरकारी मंत्रालयांनीच करवून घेतलेल्या अभ्यासाचा हा निष्कर्ष निघाला, तो दाबला गेला नाही. झ्यूरिकच्या गटाने तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे, ११७ जणांवर, दहापट तीव्रतेपर्यंत नेऊन केला. २००६ साली निकाल आला: परिणाम नाही. त्याआधीच लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जेम्स रुबिन यांनी असे ३१ प्रयोग आणि त्यांतले ७२५ सहभागी एकत्र तपासले होते. लहरी चालू आहेत की बंद, हे त्रास होणाऱ्यांना ओळखता येतं, याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. लहरी बंद असतानाही, त्या चालू आहेत असं वाटलं, तर त्यांचं डोकं मात्र खरोखर दुखत होतं.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. लेख इथेच थांबवला असता तर माझ्या गोटातल्या लोकांनी पाठ थोपटली असती. पण मला त्यांच्याशीही भांडायचं आहे.

आमच्या ओळखीतल्या एक वहिनी इथे राहतात. तीन वर्षांपूर्वीच्या एका तापानंतर त्या उठल्याच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. जिना चढून वर गेल्या तर पुढचे दोन दिवस अंथरुणात. पोळ्या लाटायला बसतात, चौथ्या पोळीला हात थरथरतो, लाटणं खाली ठेवावं लागतं. रक्ताच्या तपासण्या स्वच्छ. त्यांच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, रोज थोडं थोडं चालणं वाढवा असं सांगितलं. त्यांनी वाढवलं, आणि त्या आणखी खचल्या. त्यांच्या घरी राउटर अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला आहे. खिडकीतल्या स्पायडर प्लँटची टोकं तपकिरी झाली होती, ती त्यांनी मला बोटाने दाखवली. कुंडीच्या खालीच रेडिएटर होता, हिवाळाभर चालू. मी ते म्हणालो. त्या म्हणाल्या, “भावजी, माझं कुणी ऐकत नाही. निदान झाडाचं तरी ऐकतील.”

त्या दिवसापासून मला हा सगळा वाद वेगळा दिसतो. झाड साक्षीला का आणावं लागतं? रोग्याची साक्ष आपण फेटाळली, म्हणून. रुबिन यांच्या प्रयोगांतून एवढंच निघतं की या माणसांच्या त्रासाचं कारण ते समजतात ते नाही. त्रासच नाही, असं त्यातून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ मध्ये लक्षणं खरी आहेत असं स्पष्ट लिहिलं होतं. पण आमच्या विवेकवादी गप्पांत, व्याख्यानांत आणि लेखांत या दोन विधानांमधली भिंत कधी कोसळली ते कळलंच नाही. ‘कारण चुकीचं’ याचं ‘आजार मनाचा’ झालं, आणि ‘आजार मनाचा’ याचं ‘आजार नाही’. कारण ठाऊक नसलेल्या आजाराला मानसिक म्हणणं हा निदानाचा निष्कर्ष नव्हे. ती निदान न झाल्याची कबुली आहे, आणि ती रोग्याच्या माथी मारली जाते. यात आपण लहरींवाल्यांपेक्षा फार शहाणे ठरत नाही. त्यांना कारणाची घाई झाली, आपल्याला कारण नसण्याची.

यातून बाहेर कसं पडायचं, हे मला वनस्पतींच्याच डॉक्टरांकडून शिकावंसं वाटतं. योहाना वेस्टरडाइक हे नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९१९ च्या सुमारास नेदरलँड्समधले एल्म वृक्ष मरू लागले. हे इथल्या कालव्यांकाठचं झाड. पानं भर उन्हाळ्यात पिवळी पडत, शेंडा वाळे, काही झाडं एका हंगामात संपत. वागेनिंगेनच्या दिना स्पीरेनबुर्ख यांनी १९२१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली, ती ‘अज्ञात रोग’ म्हणूनच. अज्ञात असं छापण्याचं धैर्य मला फार मोलाचं वाटतं. कारण लोकांकडे कारणं तयार होती. महायुद्ध नुकतंच संपलं होतं; रणांगणावरचे विषारी वायू वाऱ्याबरोबर आले आणि झाडांना बाधले, असं बोललं जाई. कुणी दुष्काळाला दोष देई. आज वायफायला जी जागा मिळाली आहे, ती तेव्हा युद्धाच्या वायूला मिळाली होती. नवी, अदृश्य, सगळ्यांच्या मनात भीती बसवून गेलेली गोष्ट.

वेस्टरडाइक १९०६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या होत्या. १९१७ मध्ये युट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. नेदरलँड्सच्या त्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक. पुढे ५६ विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया. त्यांनी एल्मचा प्रश्न बेआ श्वार्त्स या विद्यार्थिनीकडे सोपवला. श्वार्त्सने आजारी फांद्या आडव्या कापल्या. सालीच्या आत, लाकडाच्या बाहेरच्या वलयात तपकिरी ठिपक्यांची रांग दिसली: झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. त्या ठिपक्यांतून तिने एक बुरशी वेगळी काढली, काचेच्या बशीत वाढवली, निरोगी झाडात टोचली. १९२२ मध्ये प्रबंध लिहून ती जावाला नोकरीवर निघून गेली. अनेकांना ते पटलं नाही. जर्मनीतून आखेनच्या संशोधकाने हा जिवाणूचा रोग आहे असा दावा केला. वाद काही वर्षं चालला. अखेर वेस्टरडाइक यांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनीने, ख्रिस्तीने बाउसमान हिने, पुन्हा टोचून, पुन्हा रोग उठवून, पुन्हा तीच बुरशी बाहेर काढून दाखवली, तेव्हा तो मिटला. पुढे रोगाला तोंड देऊ शकणाऱ्या एल्मच्या एका वाणाला बाउसमानचं नाव दिलं गेलं.

या गोष्टीत मला खिळवून ठेवतं ते हे की या स्त्रियांना वायूचा सिद्धान्त खोडण्यात रस नव्हता. तो मागे पडला, कारण पुढे काहीतरी सापडलं. आणि झाड खरंच आजारी आहे का, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणीही कधी विचारला नाही. झाडावर तेवढा विश्वास त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवला.

अॅशचीही हीच कथा. पोलंडमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून अॅश वाळत होते. थंडी, कोरड, जमीन, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. बुरशीचं वर्णन प्रसिद्ध व्हायला २००६ उजाडलं. ती पूर्व आशियातून आली होती; तिथल्या अॅशबरोबर ती फारसा उपद्रव न करता राहते. नेदरलँड्समध्ये ती आढळली २०१० मध्ये, आल्फेनची बातमी गाजली त्याच वर्षी. आल्फेनच्या झाडांना तोच रोग होता असं मी म्हणत नाही, लक्षणं वेगळी होती. पण आज आमच्या झूटरमेरसारख्या गावात वाळका अॅश दिसला तर तपासणाऱ्या माणसाकडे फांदी कापून बघायला काहीतरी आहे.

वहिनींच्या बाबतीत फांदी कापून बघण्याचं काम आत्ता कुठे सुरू झालं आहे. एमई, म्हणजे वहिनींसारखी लक्षणं असलेला दीर्घ थकव्याचा आजार, गंभीर आणि दीर्घकालीन आहे, रोग्याचं जगणं तो फार आवळून टाकतो, असं नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने मार्च २०१८ मध्ये सांगितलं. देशात ३० ते ४० हजार रोगी असावेत, असा त्यांचा अंदाज. जो रोगी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायला नकार देतो तो बरा व्हायला तयार नाही असं धरू नये, हेही त्यात होतं. ब्रिटनच्या एनआयसीई संस्थेने २०२१ मध्ये तो वाढत्या व्यायामाचा उपचार शिफारशींतून काढूनच टाकला. त्याआधीची कित्येक वर्षं रोगी सांगत होते की त्याने आम्ही खचतो. प्रयोगांचे आकडे हाती धरून त्यांना गप्प केलं गेलं.

आणि जानेवारी २०२४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांचा निबंध आला. दीर्घ कोविडचे २५ रोगी आणि २१ निरोगी माणसं. सगळ्यांना सायकल मारायला लावली, दमेपर्यंत. त्याच्या आठवडाभर आधी आणि नंतर दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढला. रोग्यांच्या स्नायूत श्रमानंतर ऊर्जा तयार करण्याचं काम अधिक बिघडलं होतं, पेशींची इजा दिसत होती. चौथ्या पोळीला थरथरणाऱ्या हाताबद्दल वहिनी जे सांगत होत्या ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याजोगं असू शकतं. हा छोटा अभ्यास आहे, कोविडोत्तर रोग्यांवरचा आहे, आणि आल्फेनच्या प्रयोगाइतकीच त्याचीही पुन्हा पुन्हा तपासणी व्हायला हवी. तो चुकला तरी तो योग्य जागी कापून बघतो आहे.

म्हणून त्या अभियंत्यांना माझी विनंती टोमणा म्हणून घेऊ नये. त्यांच्याकडे श्रोते आहेत, तळमळ आहे, आणि आजारी माणसं आपलं दुःख विश्वासाने त्यांना सांगतात. त्यांनी टॉवरविरोधी सह्यांच्या मोहिमेत घालवलेला वेळ या संशोधनाच्या मागे लावावा. डच सरकारने एमईच्या संशोधनासाठी दहा वर्षांत २ कोटी ८५ लाख युरो ठेवले आहेत. ऐकायला रक्कम मोठी वाटते. ३० हजार रोगी धरले तरी माणशी वर्षाला शंभर युरोही पडत नाहीत, आणि कोविडनंतर रोगी वाढलेच आहेत. हा आकडा वाढवा म्हणून संसदेच्या आरोग्य समितीकडे अर्ज करता येतो, त्याला आमच्या मंडळाच्या दोनशे घरांच्या सह्या जोडता येतील. मसुदा मी लिहायला तयार आहे. वाढत्या व्यायामाने खचलेल्या रोग्यांची निवेदनं त्याला जोडायची आहेत, आणि वहिनींनी आपलं द्यायला होकार दिला आहे.