जिथे पाय पोहोचत नाहीत

फुलंब्री,
माघ महिना

चि. बाळ,


तुझा प्रश्न एका ओळीचा आहे : ‘मामा, टेलिकन्व्हर्टर १.४ चा घेऊ की २ चा?’ उत्तर फोनवरच देता आलं असतं. पण त्यासाठीचे पैसे तू शिकवण्या घेऊन साठवलेस, म्हणून सविस्तर लिहितोय.

कन्व्हर्टर बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसतो. लेन्सनं तयार केलेल्या चित्राचा मधला भाग तो मोठा करून सेन्सरवर टाकतो. नवा उजेड मात्र तो कुठूनही आणत नाही. तेवढ्याच पिठाची भाकरी मोठी थापली की पातळ होते, तसंच हे. १.४ चा लावला की उजेड निम्मा होतो, २ चा लावला की पाव उरतो. तुझी ७०-२०० एफ २.८ लेन्स १.४ लावल्यावर २८० पर्यंत पोहोचते, पण एफ ४ ची होते. २ लावला तर ४०० पर्यंत जाते आणि एफ ५.६ ची होते. चित्रासोबत लेन्समधले बारीकसारीक दोषही मोठे होतात, म्हणून मुळात उत्तम असलेल्या लेन्सवरच कन्व्हर्टर शोभतो.

हा हिशेब मी एका रात्रीच्या कबड्डीत शिकलो. हॅलोजनच्या उजेडात, आयएसओ ३२०० वर, एफ २.८ ला मला १/५०० चा शटर मिळत होता. चेहरे मोठे हवेत म्हणून मी २ चा कन्व्हर्टर लावला. तेवढ्याच उजेडासाठी शटर थेट १/१२५ वर आला. रेडर निदान रेषेवर झेपावला तो क्षण माझ्याकडे आहे. मागे उभ्या पंचांच्या शर्टाची बटणं मोजता येतात, पण ज्या हातासाठी तो फोटो काढला तो हात म्हणजे नुसता पांढरा फराटा. त्या पोराच्या आयुष्यातला तो मोठा सामना होता. त्याला द्यायला माझ्याकडे धड फोटो नव्हता, याची रुखरुख आजही आहे.

खरं तर तिथे कन्व्हर्टरची गरजच नव्हती. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. पंचांना विचारून मी कोपऱ्यात खाली बसलो असतो तर ७०-२०० सुद्धा जास्त झाली असती. जत्रेतल्या कुस्त्यांचंही तसंच. फडाच्या कडेला मांडी घालून बसलं की मल्लांच्या अंगावरची तांबडी माती साध्या लेन्सनंही दिसते. जिथे पाय पोहोचतात तिथे पायांनीच जावं.

आता शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती घे. २०१४ च्या बंदीनंतर कितीतरी वर्षं आपल्याकडच्या धावपट्ट्या ओस होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले, तसे मोबाइल घेऊन धावपट्टीत उतरणारेही वाढले. समोरून उधळत येणारी जोडी, फुरफुरणाऱ्या नाकपुड्या, मागे धुळीचा लोट, हाच फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तो मिळण्याची जागा सगळ्यांत धोक्याची. बैल बिथरला तर तुझ्याबरोबर त्याचा आणि गाडीवानाचाही जीव जायचा. तू धावपट्टीच्या कडेच्या दोराबाहेर, टोकापासून बाजूला आणि लांबच उभं राहायचंस. मधलं अंतर लेन्सनं कापावं. कन्व्हर्टरची खरी जागा ही. सकाळच्या स्वच्छ उन्हात एफ ४ ला, आयएसओ ४०० वरही १/२००० चा शटर आरामात मिळतो. तिथे निम्मा उजेड गेल्याचं दुःख नाही.

क्रिकेटचंही गणित करून ठेवलंय. गरवारे मैदानावर सीमारेषेबाहेर बसलीस आणि फलंदाज ७० मीटरवर आहे असं धर. तुझ्या क्रॉप सेन्सरच्या बॉडीवर, कॅमेरा आडवा धरून, २०० वर तो चौकटीच्या उंचीचा एक तृतीयांश भरतो, २८० वर जवळजवळ निम्मी चौकट, ४०० वर दोन तृतीयांश. निम्म्या चौकटीतला फलंदाज छान दिसतो. बॅट फिरायला आणि चेंडू दिसायलाही जागा राहते.

म्हणून माझं उत्तर : १.४ चा घे.

२ चा ‘दुप्पट’ हा शब्द दुकानात फार गोड लागतो. पण एफ ५.६ वर संध्याकाळी पाच वाजल्यानंतर तुझी लेन्स हतबल होईल. फोकसही मंदावतो. कॅननच्या डीएसएलआरवर १.४ चा लावला की लेन्सचा फोकसचा वेग साधारण निम्म्यावर येतो, २ चा लावला की पावावर. अंगावर धावून येणाऱ्या बैलजोडीला तो वेग पुरत नाही. चैत्र-वैशाखातल्या दुपारी तर आणखी एक अडचण येते. तापलेल्या ढेकळांवरून हवा लहरत असते आणि लांबचं सगळं पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. कन्व्हर्टर ती लहरही मोठी करतो. अशा वेळी तो घरीच ठेव, नाहीतर सकाळचीच वेळ गाठ.

२८० हून लांबचं हवं असेल तर फोटो काप. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० बाय ४००० पिक्सेल असतात. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केलीस तरी ३००० बाय २००० उरतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर दहा इंच रुंद छपाई होते, आणि कापल्यानं शटर मंदावत नाही.

घेताना एवढं पाहा. शक्यतो लेन्सच्याच कंपनीचा घे. तोही त्या लेन्सला चालतो का, हे कंपनीच्या यादीत तपास. कंपनी एकच आहे म्हणून बसेलच असं नाही. कॅननच्या आरएफ माउंटची २०१९ ची ७०-२०० एफ २.८ कन्व्हर्टर घेतच नाही. पुष्कळ कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, ती लेन्सच्या मागच्या काचेवर आपटू शकते. जोर लावून कधीही बसवू नकोस. तुझ्या जुन्या ५५-२५० चा तर विचारच सोड. मुळातच एफ ५.६ ला थांबणारी लेन्स १.४ लावल्यावर एफ ८ ची होते आणि पुष्कळ जुन्या डीएसएलआर तिथे ऑटोफोकस सोडून देतात. सेकंडहँड घेत असशील तर काच उजेडासमोर धरून बुरशी पाहा, माउंटचे सोनेरी पिन घासलेत का पाहा, आणि दुकानाबाहेर येऊन धावत्या दुचाकीचे वीस-पंचवीस फोटो काढून बघ.

आणि धूळ! पटावर पोहोचल्यावर लेन्स उघडायची नाही. कन्व्हर्टर घरूनच लावून निघायचं, घरी येऊनच काढायचा.

पण पैसे देण्याआधी एकदा घरी ये. माझा १.४ चा तुझ्या लेन्सला चालतो. आपण दोघं पहाटेच पटावर जाऊ. दहा जोड्या कन्व्हर्टर लावून टिप, दहा न लावता काढून काप. तुझ्यासाठी तेवढ्यापुरती दोराबाहेर मी गाडीत काचा लावून लेन्स उघडून देईन. संध्याकाळी ओट्यावर बसून फोटो शेजारी शेजारी ठेवू. बैलाच्या डोळ्यावरच्या पापण्या ज्यात मोजता येतील, तेच तुझं उत्तर. न लावलेल्यांतच मोजता आल्या, तर पैसे राखून ठेव आणि त्यातून वर्षभर गावोगावच्या मैदानांवर जा.

आजी तुझी वाट बघतेय. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा